असईचा उतार

जालना जिल्ह्यातील असईला गेलो, तेव्हा मी आधी केळणा नदीचे पात्र पाहिले. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गावे आहेत म्हणजे मध्ये उतार, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा, असणारच, एवढ्या तर्कावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली नदी ओलांडून शिंदे-भोसल्यांच्या फौजेच्या डाव्या बगलेवर आला. शिंद्यांच्या कवायती पायदळाने चटकन तोंड फिरवून नवी फळी धरली. मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज तर इंग्रजांच्या रांगा पुढे सरकताच उठले आणि त्यांनी पाठीमागून तोफा पुन्हा डागल्या. या शौर्याची आपल्याकडे फार कमी आठवण ठेवली जाते, याची मला खंत वाटते. त्या दिवशी मराठ्यांकडे टेहळणीचा एखादा ड्रोन असता, तर माझ्या मते इंग्रजांचे सैन्य पाण्यात असतानाच तोफांच्या तोंडी सापडले असते.