कडवेकाठच्या शेतावर एक दिवस

नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात मी याआधी चार-पाचदा गेलो, तो दर वेळी पक्षी पाहायला. चापडगावच्या मनोऱ्यावर चढायचे आणि उन्हे तापली की नाशिकला परतायचे. या जानेवारीत मात्र अभयारण्यात न शिरता, चांदोरी मागे टाकून, कडवेकाठी शेती असलेल्या एका परिचितांकडे दिवसभर राहिलो. त्यांना सगळे आप्पा म्हणतात.

गोदावरी-कडवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि त्यातून हे पाणथळ तयार झाले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता मिळालेली पाणथळ जागा. पण तिथले चक्रवाक चरायला भोवतीच्या शेतांत उतरतात आणि बिबट्याची मादी पिले घालते ती उसात, त्यामुळे अभयारण्याचे पुष्कळसे भवितव्य द्राक्षे आणि ऊस पिकवणाऱ्यांच्या हाती आहे.

आप्पांनी ओढ्याकाठची दोन एकर पट्टी नऊ वर्षांपूर्वी नांगराबाहेर ठेवली. तिथे मी झाडांच्या रांगा शोधत होतो, कारण आम्हा शहरी मंडळींच्या लेखी निसर्गसंवर्धन म्हणजे खड्डा, रोप आणि छायाचित्र. त्यांनी लावले फार थोडे. घाणेरी मुळासकट उपटली, सुबाभूळ काढली, गुरे बंद केली आणि बांधावर तणनाशक मारणे थांबवले. मग करंज, निर्गुडी, मारवेल आपापल्या वाटेने आले. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींचे गेल्या पावसाळ्यातले खोपे लोंबत होते आणि त्यातल्या एकात मनोल्यांची ये-जा चालली होती. शेजाऱ्यांना ही पट्टी आळशीपणाची खूण वाटते, हे आप्पा हसत सांगतात, पण बोलणे त्यांना लागलेले असावे.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते शेततळे. या भागात द्राक्षबागेसाठी शेततळी सर्रास आहेत, आणि तळाला अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पाणी प्यायला उतरलेले जनावर पुन्हा वर येऊ शकत नाही. आप्पांच्या तळ्यात एकदा खोकड असेच बुडून मेले. तेव्हापासून चारही बाजूंना खुंट्यांना बांधलेले जाड दोर पाण्यात सोडलेले आहेत आणि त्यांत हातभर अंतरावर जुने टायर ओवले आहेत. मी वाकून पाहिले, तर वरच्या टायरवर वाळलेल्या चिखलात मुंगसाच्या पंजांचे बारीक ठसे उमटलेले होते. लाखो रुपयांचे तळे खोदताना या शे-दोनशे रुपयांच्या दोराचा विचार किती जण करतात?

सगळेच सुरळीत आहे असे नाही. मण्यांत पाणी उतरले की बुलबुल बागेवर तुटून पडतात, म्हणून जाळी लावावीच लागते. मात्र ती सैल राहिली तर घुबडे अडकतात, म्हणून आप्पा ती ताणून बांधतात आणि रोज सकाळी फेरी मारतात. उंदीर टिपणाऱ्या पक्ष्यांना बसता यावे म्हणून हरभऱ्यात पक्षीथांबे रोवले आहेत. उसाबाबत मात्र ते मोघम बोलले. गेल्या तोडणीत बछडी सापडली, तेव्हा वनखात्याच्या माणसांनी ती रात्री त्याच जागी ठेवली आणि पहाटेपूर्वी मादी घेऊन गेली. पण त्यानंतर तोडणीची टोळी दोन दिवस फडात उतरली नाही आणि तो तोटा आप्पांनीच सोसला.

परतण्याआधी ते म्हणाले, "पूर्वेकडचा दोर उन्हाने कुजलाय, जरा धरता का?" मी कागदावर पालथा पडून टायर धरला, त्यांनी नवी गाठ मारली आणि पायाने दोनदा ओढून पाहिली.