मोरी, नारळ आणि पाठांतर

सदतिसाव्या वर्षी नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास पाठ होतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मालवणच्या एसटी स्टँडपासून मासळी बाजारापर्यंत रोज कोणी ना कोणी हेच विचारतं. बाजारातली मावशी तर मोरीचे, म्हणजे छोट्या शार्कचे, तुकडे करता करता म्हणते, "गो बाय, ह्या वयात पाठ होता काय तुका?"

होतं. पण आधी थोडं मागचं. मी ३७ वर्षांची. २००६ साली बारावीला बायो सोडून गणित घेतलं, कारण बेडूक कापायला लागतो असं कोणीतरी सांगितलं होतं. पुढे बीएस्सी, मग गणिताच्या शिकवण्या. डॉक्टर व्हायचं का ठरवलं ते इथे नको, लांबेल. नीटला वरच्या वयाची अट होती, खुल्या गटाला २५ वर्षं. ती २०२२ मध्ये गेली. बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलेलं बायोही चालेल, हे नॅशनल मेडिकल कमिशनने २०२३ मध्ये मान्य केलं. मग मी बोर्डाचा फॉर्म भरला, फक्त बायोचा, 'तुरळक विषय' म्हणून. हवामानखात्याच्या पावसासारखी मी तुरळक ठिकाणी बारावीत.

तर पाठांतर. पुस्तकात लिहिलंय, मोरीसारख्या कूर्चामय माशांच्या कल्ल्यांवर झाकण नसतं, कातडीवर बारीक काट्यांसारखे खवले असतात. मी मोरी आयुष्यभर साफ केली आहे. तिची खरखर हाताला माहीत आहे. बांगडा ताजा आहे का ते आपण झाकण उचलून, आतला लाल रंग बघून ठरवतो. मोरीला उचलायला झाकणच नाही, नुसत्या फटी. हे काय पाठ करायचं? शहाळ्याचं पाणी म्हणजे पेशी न झालेला भ्रूणपोष, म्हणजे बीजातल्या गर्भाचं अन्न, आणि खोबरं म्हणजे पेशी झालेला, हे वाचलं त्या दिवशी तर मी पुस्तक मिटून शहाळं फोडलं.

अडचण वेगळीच आहे. हाताला माहीत असलेलं पुष्कळदा चुकीच्या कप्प्यात असतं. आमच्या घरी कोळंबी, माकूल (स्क्विड), तिसऱ्या (शिंपल्या) सगळी मासळीच. एका टोपलीत येते, एकाच वाटपात शिजते. पुस्तकात माकूल आणि तिसऱ्या एका घराण्यातल्या, मृदुकाय, आणि मासा त्यांच्या जवळपासही नाही. सतरा वर्षांच्या मुलाला हे एकदा वाचलं की पुरतं. मला आधी स्वयंपाकघर विसरावं लागतं. शेजारचा मुलगा माझ्याबरोबर सराव पेपर सोडवतो. १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले निम्मे बायोचे, चुकलं की एक गुण वजा. त्याचं बायो पाऊण तासात होतं. माझं सव्वा तासाने, कारण मी प्रत्येक पर्यायाशी वाद घालते. "काकी, विचार नको करू, खूण कर," तो म्हणतो. त्याचंच बरोबर आहे, पण इतकी वर्षं मुलांना 'आधी विचार कर' सांगितल्यावर ती सवय मोडणं हे कुठल्याही पाठांतरापेक्षा कठीण. आणि हो, मराठीत पेपर देता येतो, तरी मी इंग्रजीच घेतला. आंतर्द्रव्यजालिका वाचून होईपर्यंत पुढचे दोन प्रश्न जातात.

परवा मावशीला मी सांगितलं, की तुझी कोळंबी मासा नव्हे, झुरळाच्या नात्यातली आहे. तिने इकडेतिकडे बघितलं.

"हळू बोल गो. गिऱ्हायक पळतला."