परिक्रमेच्या वाटेवरचा गाळ आणि रुतलेला पाय

नर्मदा परिक्रमेत मैया सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिची धार ओलांडायची नाही, हा नियम. काठाला चिकटूनच चालायचं, असं त्यात कुठेही नाही. तरी पाणी नजरेआड झालं की आम्हा चालणाऱ्यांना चुटपुट लागते आणि पाय आपसूक खाली वळतात. धरणांच्या फुगवट्यात नेमकं हेच अंगाशी येतं.

मध्य प्रदेशातल्या बडवानीजवळच्या राजघाटाचा भाग घ्या. तिथवर फुगवटा येणाऱ्या सरदार सरोवर धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, आणि २०१९ च्या पावसाळ्यात ती पहिल्यांदा गाठली गेली. परिक्रमा सुरू होते कार्तिकात. त्यानंतर महिनोन्‌महिने पाणी उतरत जातं. उघडा पडतो तो जुना काठ नव्हे, त्यावर साचलेला गाळ. उन्हाने त्याच्यावर भेगाळलेली खपली धरते, पण आत लापशीच असते. वाकून भेगेत पाहावं. तळाशी ओल चमकत असेल, तर ती खपली माणसाचा भार घेणार नाही.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे ओढ्यांची आणि उपनद्यांची मुखं. वाहतं पाणी साठलेल्या पाण्याला भिडलं की त्याचा वेग मरतो आणि बारीक गाळ तिथेच बसतो. पलीकडची वाट समोर दिसत असते, त्यामुळे वळसा घालायचा जिवावर येतो. तरी घालावाच. दगडगोटे आणि खळाळतं पाणी लागेपर्यंत ओढ्याच्या कडेने वर जावं, मग उतरावं. गुराखी पोरगं “बाबाजी, ऊपर से जाइए” म्हणालं, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

दंड, म्हणजे परिक्रमेतली हातातली काठी, नुसता आपटून काही कळत नाही, कारण खपली कोरडीच वाजते. दोन्ही हातांनी धरून त्यावर भार टाकायचा. वीतभर सहज आत गेला आणि उपसल्यावर भोकात लगेच पाणी भरलं, तर आपल्याच पावलांवरून मागे फिरायचं. अशा टापूत शिरण्याआधीच पाठपिशवीचे कंबरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवावेत.

एवढं करूनही पाय गेलाच तर? पहिली गोष्ट, गाळ माणसाला गिळत नाही. पाण्याने भरलेली रुतवणारी वाळू आपल्या अंगाच्या साधारण दुप्पट जड असते, त्यामुळे कमरेच्या आसपास शरीर तरंगू लागतं. धरणातला ताजा गाळ त्याहून हलका, म्हणून त्यात आणखी खोल जायला होतं. तरी तोही पाण्याहून जडच. अॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रयोग करून दाखवलं, की अशा वाळूत रुतलेला पाय सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने उपसायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतका जोर लागतो. धडपडीने वाळू पातळ होते, आपण आत जातो, आणि मग तीच वाळू पायाभोवती घट्ट बसते. म्हणून हिसका द्यायचाच नाही.

घोट्यापर्यंतच गेला असेल, तर दुसरा पाय पुढे टाकू नका. भार मागच्या पायावर घ्या आणि मागे बसा. मांडीपर्यंत गेला असेल, तर पिशवी बाजूला टाका, दंड पाठीमागे आडवा ठेवा आणि त्यावर उताणे रेला. हात पसरलेले असू द्या. भार पाठीवर पसरला की बुडणं थांबतं. आता एकच पाय घ्या. घोट्यातून लहान लहान गोल फिरवा, मागेपुढे हलवा. पायाभोवती पाणी उतरलं की पकड सैल होते आणि पाय बोट-दोन बोटं वर येतो. थांबा, श्वास घ्या, परत तेच. अर्धा तास लागला तरी लागू दे. गुडघा वर आला की दुसऱ्या पायाकडे वळा. दोन्ही सुटले तरी उभं राहायचं नाही. आलो त्या बाजूला पाठीवरच सरकत किंवा लोळत जायचं. अंग चिखलाने माखतं, पण त्याला इलाज नाही.

सोबत्यांची चूक ठरलेली: धावत येतात आणि बगलेत हात घालून ओढतात. त्यात खांदा निखळू शकतो, शिवाय ओढणाराही रुततो. त्यांनी घट्ट जमिनीवर पालथं झोपून दंड किंवा दोरी पुढे करावी. फांद्या, पोती, फळी मिळाली तर खाली अंथरावी. जोर रुतलेल्यानेच करायचा, बाहेरच्यांनी फक्त धरून राहायचं.

नर्मदेच्या मुखाजवळच्या विमलेश्वरला मात्र वेगळा हिशेब. तिथून नाव समुद्रातून, संगमाला वळसा घालून, पलीकडच्या काठावरच्या मिठीतलाईला जाते आणि तिची वेळ भरतीवर ठरते. त्या अॅम्स्टरडॅमच्या प्रयोगात वाळू, चिकणमाती आणि खारं पाणी होतं. खाडीच्या तोंडाशी हे तिन्ही एकत्र असतात. मीठ असलं की हलवल्यावर पातळ झालेली वाळू तळाशी लवकर आणि घट्ट बसते. खंबातच्या आखातात भरती वेगाने चढते, भावनगरच्या बाजूला तर पाण्यातला फरक दहा मीटरच्या पुढे जातो. तिथे मारतो तो गाळ नव्हे, भरती. म्हणून चिखलात उतरताना नावाडी ज्या रांगेने नेईल त्याच रांगेने जावं, चपला पिशवीला बांधाव्यात, आणि पाय अडकला तर आधी स्वतः प्रयत्न करून बघतो असं न म्हणता तत्क्षणी हाक मारावी.