बीई होऊन एजन्सीच्या पेरोलवर: सव्वातीन वर्षांचे कागद कसे जुळवले (माझा अनुभव)

मेकॅनिकलची पदवी २०२१ ची. त्यानंतर चाकण एमआयडीसीत सव्वातीन वर्षं काढली. तेवढ्यात एजन्स्या तीन बदलल्या, कंपनीची गेटं मात्र दोनच. काम पहिल्या दिवसापासून क्वालिटीचं: येणाऱ्या मालाची तपासणी, मशीनच्या सेटिंगनंतर पहिल्या नगाचं अप्रूव्हल, रिजेक्शनचे टॅग, ग्राहकाची तक्रार आली की सॉर्टिंग, म्हणजे खराब नग वेगळे काढणं. कागदावर हुद्दा आधी 'ट्रेनी', मग दोन्ही वेळा 'हेल्पर'. पगार कमी होता याचा त्रास झालाच. पण पगार पुढे वाढतो. केलेल्या कामाचा पुरावा नसला तर ती वर्षं पुढचा कुणी धरतच नाही. मुलाखतीत मी 'हेल्पर' या एका शब्दावर तीनदा अडलो. आज चाकणच्या आंबेठाण चौकात फाइल घेऊन उभ्या असलेल्या मुलामुलींना हे आधी कळावं म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

सर्वांत आधी समोरची एजन्सी कुठल्या प्रकारची आहे ते ओळखायचं. एक असते कन्सल्टन्सी. ती माणूस कंपनीला मिळवून देते आणि कंपनीकडून एकदाच फी घेते, साधारण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तुम्ही थेट कंपनीच्या रोलवर (ऑनरोल), म्हणजे कंपनीचेच कर्मचारी म्हणून जाता. दुसरा असतो पेरोलचा ठेकेदार. तुमचा पगार तोच देतो आणि दर महिन्याला माणशी सर्व्हिस चार्ज कंपनीकडून घेतो. तुम्ही जितके महिने त्याच्या यादीत, तितके महिने त्याचं उत्पन्न. त्यामुळे 'सहा महिन्यांत ऑनरोल करून देऊ' हे त्याच्या तोंडून ऐकलं तरी ते त्याच्या हातात नसतं आणि त्याच्या फायद्याचंही नसतं. फोनवरच दोन प्रश्न विचारा: पगार कुणाच्या खात्यातून येणार, आणि पीएफ कुणाच्या कोडवर भरला जाणार? उत्तर एजन्सीचं नाव असेल तर ते ठेकेदारी काम आहे. ऑनरोलचं आश्वासन ठेकेदाराला विचारून उपयोग नाही. आत गेल्यावर लाइनवरच्या जुन्या माणसाला विचारा, गेल्या वर्षी या डिपार्टमेंटमधून किती जणांना घेतलं? आमच्याकडे आकडा शून्य होता आणि तो पहिल्याच आठवड्यात कळला होता.

उमेदवाराकडून पैसे मागणारा तिसरा प्रकारही आहे. रजिस्ट्रेशन, गेटपास, मेडिकल, बूट अशा नावांनी हजार-दीड हजार मागतात. ठेकेदाराला त्याचे पैसे कंपनीकडून मिळत असतात, तेव्हा तुमच्याकडून घ्यायचं काही कारण उरत नाही. देऊ नका. मूळ मार्कशीटही कुणाकडे ठेवू नका. झेरॉक्सवर एजन्सीचं नाव, तारीख आणि 'फक्त नोकरीच्या अर्जासाठी' असं आडवं लिहून द्या.

आता डिग्रीचं. 'बीई आहे हे सांगू नकोस, बारावीचं मार्कशीट दे,' हे मला दोन ठिकाणी सांगितलं गेलं. कारण सरळ आहे. कंपनीने मागणी दिलेली असते आयटीआय किंवा बारावीवाल्या माणसाची, त्या दराने. इंजिनिअर लवकर सोडून जाईल ही भीती असते आणि उद्या हुद्दा मागेल ही त्याहून मोठी. मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ती चूक होती. पुढच्या नोकरीच्या पडताळणीत आधीच्या फॉर्मवर शिक्षण बारावी आणि बायोडेटात बीई असं दिसलं. खोटं कुठलं ते समजावण्यात तीन आठवडे गेले. फॉर्मवर खरं शिक्षणच लिहा. ठेकेदाराला माणूस हवा असेल तर तो तरीही घेतो. दुसऱ्या वेळी घेतलंच.

पगाराचा आकडा सांगतात तो कंपनीचा खर्च असतो. माझं उदाहरण. सांगितले १७,९००. त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३,०००, घरभाडं पाच टक्क्यांनी ६५०, इतर भत्ता १,०००. हे झाले १४,६५०. मग ८.३३ टक्के बोनस १,०८३, जो दिवाळीला न देता महिन्याच्या पगारातच मिसळलेला. मग मालकाच्या वाट्याचा पीएफ, प्रशासकीय शुल्क आणि विम्यासकट १३ टक्के, म्हणजे १,६९०. शेवटी मालकाचा ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ३.२५ टक्के, ४७७. बेरीज १७,९००. हातात येताना यातले मालकाचे दोन्ही वाटे जातात आणि उरलेल्या १५,७३३ मधून माझा पीएफ १,५६०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ११० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. (व्यवसाय कर बाईमाणसांना २५,००० पर्यंत नाही, मुलींच्या स्लिपवर कापला असेल तर परत मागा.) राहिले १३,८६३. कँटीन आणि बसचे ७०० गेले की १३,१६३. महाळुंग्यात तिघांत खोली घेऊन राहायचं आणि घरी पाठवायचं ते यातून.

स्लिपवर आणखी दोन ठिकाणी बोट ठेवून बघा. खाडा धरताना महिन्याचा पगार २६ ने भागतात की ३० ने. आमच्याकडे खाडा कापताना २६ ने भागायचे आणि ओव्हरटाइम देताना ३० ने. दुसरं, ओव्हरटाइमचा दर. कारखान्यात तो दुप्पट असायला हवा. १४,६५० ला २६ आणि मग ८ ने भागलं की तासाला सत्तर रुपये येतात, म्हणजे ओव्हरटाइमचा तास एकशे चाळीसचा. मिळत होता सिंगल, तोही स्लिपवर न दाखवता वेगळ्या खात्यातून. वेगळा आला की त्यावरचा ईएसआय भरला जात नाही आणि पुढे आजारपणाचा भत्ता कमी बसतो, कारण तो नोंदलेल्या मजुरीच्या ७० टक्के असतो.

हुद्द्याचं कोडं मला दुसऱ्या वर्षी उलगडलं. किमान वेतनाच्या दरपत्रकात अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्या असतात. 'हेल्पर' लिहिलं की माणूस अकुशल धरला जातो, सर्वांत खालच्या दराने. 'इन्स्पेक्टर' लिहिलं की कुशलचा दर द्यावा लागतो, आणि आधीच्या महिन्यांचा फरकही मागता येतो. म्हणून हातात व्हर्निअर आणि हाइट गेज ही मापाची उपकरणं असली तरी कागदावर हेल्पर. इन्स्पेक्शन रिपोर्टच्या तळाला दोन चौकटी असतात, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. माप घेणारा मी, आकडे भरणारा मी. पण ठेकेदाराच्या माणसाने सही करायची नाही असा तोंडी हुकूम. शिफ्ट संपताना ऑनरोल इंजिनिअर यायचा आणि तीस-पस्तीस रिपोर्टवर दोन्हीकडे सह्या करून जायचा. चार वर्षं शिकून आलेल्या माणसाला स्वतःच्या मापाखाली स्वतःचं नाव लिहू न देणं हा अन्याय आहे. त्या चौकटीचा राग मला अजून येतो.

नाव मात्र एका ठिकाणी लिहावंच लागतं: लाइनवरच्या बोर्डावर लावलेल्या स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं त्या तक्त्यात. वाहन उद्योगातल्या आयएटीएफ १६९४९ या दर्जाच्या मानकाच्या ऑडिटमध्ये काम करणाऱ्याची पात्रता विचारतात, म्हणून ठेकेदाराच्या पोरांची नावंही तिथे येतात. समोर चार भागांचे गोल असतात. जेवढे भाग काळे, तेवढं कौशल्य. ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकावरही नाव आणि सही असते. ड्रॉइंग किंवा रिपोर्टचे फोटो काढू नका, नोकरी जाईल आणि ते योग्यही नाही. पण आपल्या नावापुढचा गोल वेळेवर भरला जातोय ना, हे सुपरवायझरच्या मागे लागून बघा. घरी एक वही ठेवा: कुठलं उपकरण, कुठला दोष, कुठल्या महिन्यात. मुलाखतीला मला बायोडेटापेक्षा त्या वहीचा जास्त उपयोग झाला.

पहिली एजन्सी 'नीम' या सरकारी प्रशिक्षण योजनेत ट्रेनी म्हणून घ्यायची (ती योजना नंतर बंद झाली). स्टायपेंड होता, पीएफ-ईएसआय काही नाही, म्हणून ते अकरा महिने यूएएनमध्ये (पीएफच्या कायम क्रमांकाखालच्या नोंदीत) दिसतच नाहीत. अप्रेंटिसचंही तसंच, पण तिथे निदान सरकारी प्रमाणपत्र मिळतं. अशा काळाचा पुरावा म्हणजे करारपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट. दोन्ही त्याच वर्षी काढून ठेवा. एजन्सीचं ऑफिस हललं की करार मिळत नाही.

मग येतो ब्रेक. सात महिने झाले की चार-पाच दिवस घरी बसवतात आणि पुन्हा घेतात, कधी त्याच नावावर, कधी दुसऱ्याच फर्मच्या. २४० दिवस भरून कायम होण्याचा दावा उभा राहू नये हा त्यामागचा हिशोब. जॉइन होतानाच कोऱ्या राजीनाम्यावर सही घेतलेली असते, तिच्यावर फक्त तारीख घातली जाते. मी दुसऱ्या वेळी सही करताना शेजारी त्या दिवसाची तारीख घातली आणि कागदाचा फोटो काढला. कुणी काही बोललं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे आणि काम सुटल्यावर हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ कंपनीने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे. एजन्सी फोन उचलत नसेल तर कंपनीच्या एचआरला लेखी मेल करा. माझे अडकलेले बावीस दिवस त्या मेलनंतर आठवड्यात जमा झाले.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला पीएफने. ठेकेदार बदलला तरी यूएएन एकच राहतो, आत त्या नोकरीचा नवा मेंबर आयडी तयार होतो. माझ्या बाबतीत दुसऱ्या एजन्सीने दहावीच्या मार्कशीटवरून नाव घातलं. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. तेवढ्याने केवायसी अडकलं. आता आधारशी पडताळलेल्या यूएएनमध्ये नाव, जन्मतारीख अशा दुरुस्त्या बहुतेक वेळा स्वतःच ऑनलाइन करता येतात; यूएएन १ ऑक्टोबर २०१७ च्या आधीचा असेल तर मालकाची मंजुरी लागते.

दुसरी गाठ सोडल्याच्या तारखेची. मी १२ मार्चला सोडलं, १४ मार्चला तिसऱ्या एजन्सीकडे लागलो. आधीच्या ठेकेदाराने तारीख टाकली ३१ मार्च. दोन नोकऱ्या एकमेकींवर चढल्या आणि जुना पीएफ नव्या खात्यात नेण्याचा (ट्रान्सफरचा) अर्ज नामंजूर. ठेकेदाराने तारीख टाकलीच नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः पोर्टलवर टाकता येते. चुकीची टाकली असेल तर जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे तुम्ही आणि मालक मिळून दुरुस्तीचा अर्ज, करावं लागतं, सोबत शेवटची स्लिप जोडून. माझं काम सात आठवड्यांत झालं. म्हणून सोडतानाच तारीख मेलवर लिहून घ्या.

आणि भरणा होतोय का ते दर महिन्याला बघा. मागच्या महिन्याचा पीएफ १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा मेसेजने येतो. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात नाही, असं सलग दोन महिने दिसलं तर थांबू नका. ईपीएफओच्या (पीएफच्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर स्लिप आणि बँक स्टेटमेंट जोडून तक्रार टाका. पाच-सहा जणांनी वेगवेगळी टाकली तर लवकर हलतं.

राहिलं अनुभवाचं पत्र. एजन्सीकडे मागितलं की दोन ओळींचं मिळतं, 'हेल्पर म्हणून काम केले, वर्तणूक चांगली.' हुद्दा बदलून मागितला की नकार येतो, कारण वर लिहिलंच आहे. मी हुद्दा तसाच ठेवून खाली 'कामाचे स्वरूप' म्हणून चार ओळी स्वतः टाइप करून पाठवल्या: येणाऱ्या मालाची मापतपासणी, व्हर्निअर, मायक्रोमीटर व हाइट गेजचा वापर, रिजेक्शनची नोंद, सॉर्टिंगची देखरेख. वर कंपनीचं नाव आणि प्लँट. सोबत लाइन सुपरवायझरचा दुजोऱ्याचा मेल जोडला, जो त्याने स्किल मॅट्रिक्स बघून लिहिला होता. तयार मजकूर असला की एजन्सीचा क्लार्क लेटरहेडवर छापून शिक्का मारतो; त्याला विचार करावा लागत नाही. पहिल्या मागणीपासून पत्र हातात यायला पाच आठवडे लागले. ज्यांना दराचा फरकच मागायचा आहे त्यांनी कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करावा, पण हे पत्र आधी हातात घ्यावं.

बायोडेटात आधी मी एजन्सीचं नाव लपवत होतो. तसं करू नका, पडताळणीला यूएएनमध्ये तेच दिसतं. आता माझ्या बायोडेटात ओळ अशी आहे: कंपनी आणि प्लँटचं नाव, क्वालिटी विभाग, त्यापुढे 'ठेकेदाराच्या पेरोलवर' आणि एजन्सीचं नाव, पत्रावर आहेत त्याच तारखा. नोव्हेंबरमध्ये भोसरीच्या एका लहान युनिटमध्ये थेट रोलवर घेतलं तेव्हा त्यांनी पत्र, पासबुक आणि वही तिन्ही समोर ठेवून वाचलं. नेमणूकपत्रावर हुद्दा 'क्वालिटी इंजिनिअर' आहे, आणि रिपोर्टच्या पहिल्या चौकटीत सही माझी असते.