सूप वाटायचं सोडून ब्रुसेल्समध्ये ऑफिस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून. युरोपातल्या ख्रिस्ती सेवासंस्था बेघरांना गरम जेवण देतात, रात्रनिवारे चालवतात, हे पटतं. मग कॅरिटास युरोपा (कॅथलिक), युरोडियाकोनिया (मुख्यतः प्रोटेस्टंट) अशी या संस्थांची नेटवर्कं ब्रुसेल्समध्ये, युरोपीय संघाच्या मुख्यालयाच्या गावात, बसून काय करतात? तो पैसा जेवणावरच का लावत नाहीत?

बँकेच्या खात्याचंच उदाहरण घ्या. बेघर माणसाला पत्ता नाही, म्हणून खातं नाही. खातं नाही, म्हणून पगार किंवा भत्ता जमा व्हायला जागा नाही. त्यामुळे भाड्याचं घर नाही, म्हणजे पुन्हा पत्ता नाही. सूप कितीही वाढलं तरी ही गाठ सुटत नाही. २०१४ साली युरोपीय संघाने एक निर्देश काढला, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम. संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या कुणालाही, पक्का पत्ता नसला तरी, आणि आश्रय मागणाऱ्यांनाही, साधं खातं मिळण्याचा हक्क त्यात आहे. पूर्ण अर्ज हाती आला की बँकेने जास्तीत जास्त १० कामकाजाच्या दिवसांत खातं उघडायचं किंवा नकार द्यायचा. नकार लेखी हवा आणि, काही अपवाद सोडले तर, कारणासकट हवा.

गोची काउंटरवर होते. ‘पत्त्याचा पुरावा घेऊन या’ एवढं तोंडी सांगितलं की माणूस मुकाट्याने परत फिरतो. अर्जच घेतला नाही, तर १० दिवस कुठून मोजणार? म्हणून कार्यकर्त्याने सोबत जायचं, अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, नकार आला तर लेखीच मागायचा आणि मग तक्रार निवारणाकडे जायचं. एका माणसाचं खातं उघडलं, ती झाली सेवा. पाच देशांतल्या केंद्रांवर तोच अडथळा त्याच नमुन्यात नोंदला गेला, की नियम कुठे गळतो ते दाखवता येतं. नेटवर्क लागतं ते इथे.

आणि बहुतेक वेळा घसरतं तेही इथेच, नोंदीत. नातलगाच्या सोफ्यावर झोपणारा बेघर धरायचा का? एक केंद्र धरतं, दुसरं नाही. बेरजेला मग काही अर्थ उरत नाही. यासाठी बेघरांच्या संस्थांच्या युरोपीय महासंघाने २००५ साली वर्गवारी केली: छत नसलेले, घर नसलेले (म्हणजे निवाऱ्यात वगैरे राहणारे), असुरक्षित घरातले आणि राहण्यालायक नसलेल्या घरातले. या चार गटांत १३ प्रकार आहेत. कंटाळवाणा तक्ता, पण तो भरला नाही तर मंत्रालयातला अधिकारी दुसऱ्याच मिनिटाला आकडे बाजूला सारतो. आजार, धर्म, वंश या नोंदींना विदासंरक्षण (डेटा प्रोटेक्शन) कायद्यात जादा कडक नियम आहेत. नाव आणि माहिती वेगवेगळी ठेवावी. शिवाय संमती जेवणाच्या रांगेत मागू नये. भुकेला माणूस नाही म्हणत नसतो.

पैशाचं थोडक्यात. युरोपीय सामाजिक निधीच्या २०२१–२७ च्या चौकटीत देशांनी किमान २५ टक्के रक्कम सामाजिक समावेशनावर, म्हणजे वंचितांना समाजात सामावून घेण्यावर, लावायची आहे. पण पैसे बहुधा खर्च झाल्यावर, कागद तपासून हाती येतात. गंगाजळी नसलेली छोटी संस्था तोवर टिकत नाही. तिने मोठ्या संस्थेची भागीदार होऊन शिरावं हे बरं.

‘यात धर्मप्रसार किती?’ हा प्रश्न लोक जरा दबकून विचारतात. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आपत्ती-मदत आचारसंहितेत मदतीतून धार्मिक भूमिका पुढे रेटायची नाही, असं स्पष्ट आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५ च्या परिपत्रकात सेवा हे धर्मांतराचं साधन नव्हे, असं बजावलं. प्रत्यक्षात तीन गोष्टी बघाव्यात: अर्जावर धर्माचा रकाना आहे का, प्रार्थना आणि जेवण एकाच खोलीत लागोपाठ आहे का, आणि प्रार्थनेला न आलेल्याचं ताट नंतर लागतं का.

अडचणीचा प्रश्न खरं तर नोकरभरतीचा आहे. जर्मनीत डियाकोनीच्या (प्रोटेस्टंट चर्चच्या सेवाकार्याच्या) एका संस्थेने वंशभेदविरोधी अहवाल लिहिण्याच्या जागेसाठी चर्चचं सदस्यत्व मागितलं. २०१८ साली युरोपीय संघाचं न्यायालय म्हणालं: अशी अट त्या कामासाठी खरोखर गरजेची हवी आणि तिची तपासणी न्यायालयाला करता आली पाहिजे. वाद पुढे जर्मन घटना न्यायालयापर्यंत गेला. समावेशनाची भाषा बोलणाऱ्यांना हा प्रश्न टोचतो, आणि टोचायलाच हवा.

अशा संस्थांच्या समित्यांवर आता गरिबी भोगलेली माणसंही बसवतात. चांगली प्रथा, पण प्रवासखर्च बैठकीनंतर बँकेत जमा करण्याचा नियम तसाच राहतो. ज्याला खातंच नाही, त्याने यायचं कसं? तिकीट आधी काढून द्यावं आणि वरखर्च दारातच रोख द्यावा. हिशेबनीसासाठी पावती तिथेच करून घ्यावी.