स्टिकरखालचं मीठ

बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पायांवर सूज आली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला सांगितलं, "दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम. त्याच्या वर नको." म्हणजे सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ. एक ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, एवढं लक्षात ठेवलं की बाकी पाढेच म्हणायचे. वजनकाटा आणला, फ्रिजला वही टांगली. वरण-भाजीचं आठवडाभरात जमलं, त्यावर लिहीत बसत नाही.

अडलं ते टिनच्या डब्यांवर.

सात वाजता सिव्हिल लाइन्समधून घरी येणाऱ्या बाईला सकाळी चणे भिजवायचं आठवतंच असं नाही. म्हणून आमच्याकडे काबुली चणे, मशरूम, मक्याचे दाणे यांचे डबे कायम असतात. मशरूम आणि मक्याच्या डब्यांवर सोडियम सरळ मिलिग्रॅममध्ये होतं. पण गोकुळपेठेतून आणलेला चण्यांचा डबा इटलीचा. त्यावर आयात करणाऱ्याने पांढरं स्टिकर लावलेलं, तेही नेमकं मूळ तक्त्यावर. स्टिकर म्हणे: १०० ग्रॅममध्ये सोडियम ०.६ ग्रॅम.

१०० ग्रॅम कशाचे? डब्यात एकूण ४०० ग्रॅम, पाणी काढलं की चणे २४० ग्रॅम. पाण्यासकट धरलं तर डब्यात २४०० मिलिग्रॅम, नुसत्या चण्यांचं धरलं तर १४४०. चौघांत वाटले तर बाबांच्या ताटात ६०० की ३६०? वहीत लिहू काय?

स्टिकरवरच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवली. मग एक मुलगा आला.

"मॅम, आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के शाकाहारी आहे."

"अरे दादा, चणे शाकाहारीच असतात. मी सोडियम विचारतेय."

"ते पॅकवर लिहिलेलं आहे मॅम."

"पॅकवर लिहिलं तेच तर विचारून राहिले नं मी!"

मेल करा म्हणाला. फोटोसकट केला. ४८ तासांत उत्तर येईल, असं उत्तर लगेच आलं. सहाव्या दिवशी बॅच नंबर मागितला. तो डब्याच्या बुडाला ठिपक्या-ठिपक्यांत छापलेला, माझ्या मुलाने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून वाचला. नवव्या दिवशी बिल मागितलं. बिलावरची शाई एव्हाना उडाली होती, 'चना टिन' एवढंच भुतासारखं दिसत होतं. इकडे बाबा रोज विचारायचे, "छोले बंदच केले का वं, सूनबाई?" आणि डबा ओट्यावर तसाच, जप्तीचा माल असल्यासारखा.

रविवारी माझा संयम संपला. हेअर ड्रायर घेतला, स्टिकरचा कोपरा गरम केला आणि नखाने हळूहळू सोलत नेलं. (पाणी लावू नका, खालचा कागदही निघतो. उरलेल्या चिकटाला खोबरेल तेल.) खालून तक्ता निघाला तो इटालियनमध्ये. शेवटच्या ओळीत 'साले ०,६ ग्रॅम'. आधी वाटलं, मला शिवीच देतोय. मुलाने मोबाइलवर पाहिलं: साले म्हणजे मीठ, आणि तिकडे दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. वर हेही लिहिलेलं की आकडे पाणी काढलेल्या १०० ग्रॅमचे आहेत.

म्हणजे स्टिकर छापणाऱ्याने मिठाचा आकडा उचलून सोडियमच्या रकान्यात टाकला होता! युरोपातल्या डब्यांवर सोडियम नाही, मीठ लिहितात. त्याला अडीचने भागायचं. ०.६ ग्रॅम मीठ म्हणजे २४० मिलिग्रॅम सोडियम. अख्ख्या डब्यात ५७६, बाबांच्या वाट्याला १४४. आणि मी दोन आठवडे त्या डब्याकडे विषासारखी पाहत होते. कंपनीने स्वतःच्याच मालाची बदनामी छापली, वर ग्राहकाकडे बिल मागते. सोललेलं स्टिकर मी वहीत चिकटवून ठेवलंय. त्यांना त्याचा फोटोही पाठवला. 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे' असा मेसेज आला. दुकानातल्या डब्यांवर स्टिकर तेच.

त्या संध्याकाळी छोले केले. डब्यातलं पाणी ओतून चणे चाळणीत नळाखाली धुतले. डब्यातली कडधान्यं अशी निथळून धुतली की सोडियम ४० टक्क्यांच्या आसपास कमी होतं. पण तक्ता पाणी काढलेल्या चण्यांचा असेल तर निथळल्याची सूट त्यात आधीच आलेली असते, म्हणून मी वहीत आणखी काही वजा करत नाही. वरून मीठ अर्धा सपाट चमचा, माझ्या चमच्याने ३ ग्रॅम. म्हणजे चौघांत १२०० मिलिग्रॅम, डब्यातल्यापेक्षा दुप्पट! इतके दिवस मी भांडत कोणाशी होते, बाप्पा. आता पाव चमचा घालते आणि आमचूर वाढवते.

आधीच सांगायला हवं होतं ते आता आठवतंय: मिठाचं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख टाका. आमचं किलोचं पाकीट २२ दिवसांत संपलं. चार माणसं, म्हणजे माणशी रोजचं ११ ग्रॅमच्या वर. तेही पापड-लोणचं न धरता.

शेजारच्या काकूंनी सैंधव सुचवलं. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. बाबांच्या गोळ्या पाहून डॉक्टरांनी ते साफ नको म्हटलं. आपल्या मनाने आणू नका. चणे भिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाकायची सवय असेल तर तोही वहीत धरा, त्यातही सोडियम असतं.

परवा बाबांच्या कपाटात, स्वेटरांच्या मागे, आंब्याच्या लोणच्याची बरणी सापडली. वजन करून ठेवलीय. दर रविवारी पुन्हा करणार.