थांबू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि तुम्ही पहिले नाही. "शंभर मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा येतोय म्हणे. थांबू, की आहे तो घेऊन टाकू?" फोटो काढणारे चार जण जमले की त्यातला एक तरी मला हे विचारतोच.

बाजारात तुरी असताना भांडण उकरून काढायला मलाही आवडतं, म्हणून आधी माझा अंदाज सांगून टाकतो: पुढचा फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा, ऐंशी ते शंभर मेगापिक्सेलच्या मध्ये कुठेतरी. हा आकडा हवेतून काढलेला नाही. २०१२ साली निकॉन डी८०० आला ३६ मेगापिक्सेल घेऊन, २०१५ मध्ये कॅननचा ५डीएस ५० वर गेला, २०१९ मध्ये सोनीचा ए७आर ४ आला ६१ वर. पुढे २०२२ मध्ये ए७आर ५ आला तोही ६१ चाच, तेव्हा बरेच जण म्हणाले, संपलं, आता यापुढे जागा नाही.

जागा भरपूर आहे. त्याच २०२२ मध्ये फुजीफिल्मने एक्स-टी५ मध्ये ४० मेगापिक्सेल बसवले, तेही फुल फ्रेमच्या निम्म्याहून लहान सेन्सरवर. तसेच पिक्सेल ३६ बाय २४ मिलिमीटरवर पसरले तर आकडा नव्वदच्या वर जातो. जानेवारी २०२५ मध्ये तर कॅननने ४१० मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर जाहीर केला. पण तो टेहळणी, वैद्यकीय आणि औद्योगिक कामांसाठी. तुमच्या-माझ्या गळ्यात लटकणारा नव्हे. याच कॅननने २०१५ मध्ये १२० मेगापिक्सेलचा ईओएस कॅमेरा विकसित करत असल्याचं सांगितलं होतं. तो दुकानात कधी आलाच नाही. तेव्हापासून 'विकसित करत आहोत' हे मी 'बघू' असं वाचतो.

मग घोडं अडतं कुठे? पिक्सेल वाचण्यात. सेन्सर सगळं चित्र एका क्षणात उचलत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचत येतो. साठ मेगापिक्सेलच्या साध्या सेन्सरला त्यासाठी सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं. मलाही वाटलं होतं. एकदा तळ्याकाठी एक चतुर (तो लांब पंखांचा कीटक) जागच्या जागी घिरट्या घालत होता. आवाजाने उडून जाईल म्हणून मी इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, म्हणजे पडदा न हलवता सेन्सरनेच चित्र टिपायचं, आणि धडाधड वीस-पंचवीस फोटो काढले. घरी येऊन मोठे करून पाहतो तर शरीर अगदी कोरीव, डोळ्यांवरची चमकसुद्धा जागेवर, आणि पंख मात्र उन्हात ठेवलेल्या मेणासारखे वाकलेले. सेन्सर वरून खाली पोचेपर्यंत पंख तीनदा तरी वरखाली होऊन गेले होते. चूक माझीच. शटरचा वेग बघितला, वाचनाचा वेग बघितलाच नाही.

यावर उपाय आहे: पिक्सेलच्या थरामागेच मेमरीचा थर चिकटवलेला स्टॅक्ड सेन्सर. सोनी ए१, निकॉन झेड९, कॅनन आर५ मार्क २ हे सगळे त्या जातीचे. झेड९ ला तर यांत्रिक शटरच नाही. पण यांचे आकडे बघा: पन्नास, पंचेचाळीस, पंचेचाळीस. आणि सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारा ग्लोबल शटरचा सोनी ए९ ३ घेतला तर जेमतेम चोवीस. वेग वाढला की आकडा खाली येतो. त्यामुळे शंभरचा कॅमेरा आधी आला तर तो संथ असेल असं मी धरून चाललोय. डोंगर, इमारती, स्टुडिओतल्या वस्तू यांना तो पुरेल. ऐंशीचा स्टॅक्ड आला तर गोष्ट वेगळी.

आता फायद्याचं बोलू. एकसष्टवरून शंभर म्हणजे दीडपटीहून जास्त, असं वाटतं. पण वाढ लांबीत आणि रुंदीत वाटली जाते. जो केस आज दहा पिक्सेल जाड दिसतो, तो तेरा दिसेल. बस. त्यातही एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं भोक लहान केल्यावर, प्रकाशाचा ठिपका पंधरा मायक्रॉनपर्यंत पसरतो, आणि शंभर मेगापिक्सेलचा पिक्सेल तीन मायक्रॉनहूनही लहान. म्हणजे एक ठिपका पाच पिक्सेलवर फासला जाणार. अगदी जवळून फोटो काढताना तर आणखीच.

हे ताडून बघायला भविष्यात जायची गरज नाही. कुणाकडून तरी ४० मेगापिक्सेलची क्रॉप बॉडी, म्हणजे एक्स-टी५ सारखा लहान सेन्सरचा कॅमेरा, मागून आणा, अडॅप्टरने तुमची फुल फ्रेमची लेन्स तिला लावा. नव्वदचा सेन्सर मधल्या भागात काय दाखवेल ते आजच दिसतं. मी केलं हे. खिडकीत मरून पडलेला एक चतुर होता, त्याच्या पंखाची कडा, ट्रायपॉडवरून. एफ/५.६ ला, भोक मोठं असताना, कडेवरचे बारीक दाते एकेक मोजता येत होते. माझ्या ६१ च्या फाइलमध्ये ते दिसत होते, पण मोजताना चुकायला होत होतं. एफ/११ ला दोन्ही फाइली सारख्या आकारात शेजारी लावल्या आणि थोड्या वेळाने कुठली कुठली हे मीच विसरलो. नाव उघडून बघावं लागलं.

अशाच एका कुणकुणीवर मी मागे चौदा महिने थांबलो होतो. 'नवा येतोयच' म्हणून त्या काळात जुना कॅमेराही धड बाहेर काढला नाही. आला तेव्हा मेगापिक्सेल तेवढेच.

इतकं ऐकल्यावर लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही नाही घेणार?" शंभरचा संथ आला तर नाही. ऐंशीचा स्टॅक्ड आला तर पहिल्या आठवड्यात, चतुरांचा मोसम संपायच्या आत.